पिवळा मीटर, ब्रेडबोर्ड आन रेझिस्टरचं पाकीट : सहाशे रुपयाचं सामान वर्षभर वापरून

आधीच सांगून टाकतो, मी इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही. २००४ ला आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, दोन-तीन वर्षं घरांची वायरिंग केली आन मग वडिलांच्या किराणा दुकानात बसलो ते आजपर्यंत तिथंच. तरी लिहायलोय, कारण मागच्या वर्षी हे सामान घ्यायच्या आधी मी मराठीत लई शोधलं आन कुणीच नीट सांगितलेलं सापडलं नाही, जो तो नुसता "एक नंबर मीटर" म्हणून चार फोटो टाकून मोकळा.

तर झालं असं. माझा भाचा बारावीला, लातूरला रूम करून राहतोय, जेईईचा क्लास लावलाय. लातूर पॅटर्न काय असतो ते आपल्या भागात सांगायची गरज नाही, औसा रोडनं संध्याकाळी एक चक्कर मारा, सॅक पाठीला लावलेली पोरंच पोरं. दिवाळीला गावाकडं आला तवा ओट्यावर बसून सर्किटची गणितं करत होता, पाच रेझिस्टर (करंटला अडवणारा सुटा भाग), दोन बॅटऱ्या, प्रत्येक फांदीतला करंट काढा. धडाधड काढायला होता, मला बरंच वाटलं. मग सहज म्हणलं, "अरे ह्यातला हा एक किलोओहमचा रेझिस्टर केवढा असतो रे, हातानं दाखव बरं." तर गड्यानं दोन्ही हात फूटभर लांब करून दाखवलं, जसं काय भोपळाच धरलाय. किलो म्हणल्यावर त्याला वजनदार वाटला असणार. क्लासचं नाव घेत नाही, फी सांगितली तर तुम्हालाच करंट बसंल, पण एवढ्या पैशात पोराला तांदळाएवढा रेझिस्टर एकदा हातात द्यायला काय हरकत होती.

दुसऱ्याच आठवड्यात लातूरला गेलो. गंजगोलाईच्या मागं एका बोळात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे, रेडिओ-टीव्ही रिपेअरवाले सगळे तिथूनच माल उचलतात. दुकान म्हणजे भिंतभर प्लास्टिकच्या डब्या आन मधी एक माणूस. नाव देत नाही कारण पुढं थोडी तक्रार पण आहे. घेतलं काय काय तर पिवळा डिजिटल मीटर (मल्टिमीटर, व्होल्ट-करंट-ओहम सगळं मोजायचा) २५०, ब्रेडबोर्ड (डाग न देता सुटे भाग खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी) ८०, रेझिस्टरचं पाकीट २२०, जंपर वायरी (त्या पाटीवर जोडणीच्या) ६०, ९ व्होल्टची बॅटरी आन तिची क्लिप मिळून ४०. झाले ६५०, घासाघीस करून ६०० ला सोडलं आन वरून दोन लाल एलईडी फुकट. "पोराच्या प्रोजेक्टला का?" म्हणले. मी म्हणलं नाही, पोराच्या मामाला शिकायचंय.

मीटर म्हणजे तोच, सगळीकडं मिळतो तो डीटी ८३०डी. मधी गोल चकती, खाली तीन भोकं, ठळक आकड्यांचा डिस्प्ले जो १९९९ च्या वर जात नाही, त्याच्या पुढं गेलं की नुसता डाव्या बाजूला १ दाखवतो. सुरुवातीला भाचा त्या १ लाच उत्तर समजून लिहून घ्यायचा. तो १ म्हणजे "माझ्या आवाक्यात नाही, रेंज वाढव" एवढंच. डीसी व्होल्ट, एसी व्होल्ट, ओहम, डीसी करंट सगळं आहे. एसी करंट मोजता येत नाही हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही, त्यासाठी क्लॅम्प मीटर (वायरीला चिमटा लावून मोजायचा) लागतो.

रेझिस्टरच्या पाकिटात ३० प्रकारचे २०-२० नग. निळ्या अंगाचे, एक टक्केवाले (म्हणजे आकडा फार तर एक टक्का इकडंतिकडं), पाच रंगीत पट्ट्यांचे, रंगांवरनं आकडा वाचायचा. इथं पहिली शिवी हासडली. आयटीआयला आम्ही चार पट्ट्या शिकलो होतो, तपकिरी काळा लाल सोनेरी म्हणजे १के (१ किलोओहम), डोळे झाकून सांगू. ह्यात तपकिरी काळा काळा तपकिरी तपकिरी, आता कोणत्या बाजूनं वाचायचं ते ब्रह्मदेवाला माहीत, आन निळ्या रंगावर तपकिरी, लाल, जांभळा सगळे सारखेच दिसतात. कागदी पट्टीवर पेनानं लिहिलेले आकडे आठ दिवसात पुसले, आन घरातल्या बारक्या पोरानं दोन पट्ट्या फोडून १के आन १०के एकत्र करून ठेवले. मग काय, प्रत्येक नग मीटरनं मोजून परत चिकटवला. त्यात पण एक गंमत कळली. मोठा रेझिस्टर, म्हणजे १ मेगाओहमचा, दोन्ही टोकं बोटानं दाबून धरून मोजला की कमीच दाखवतो, कारण आपलं अंग पण त्याच्या बाजूनं पॅरलल लागतं. एक हात सोडला की आकडा जागेवर येतो. भाचा म्हणला, "मामा, म्हणजे आपण पण रेझिस्टरच की." म्हणलं पावसात ओल्या हातानं बोर्डाला हात लावशील तवा कळंल कसा रेझिस्टर हाय ते.

पहिलं सर्किट एलईडीचं. आधी वहीत करायला लावलं, हा नियम मी पहिल्या दिवसापासून ठेवला, वहीत आकडा आल्याशिवाय बॅटरीला क्लिप लावायची नाही. बॅटरी ९ व्होल्ट, लाल एलईडी अंदाजे २ व्होल्ट खाते, उरले ७. आपल्याला १५ मिलीअँपिअर पाहिजे. ७ भागिले ०.०१५ म्हणजे ४६७ ओहम. ४६७ चा रेझिस्टर कुठं मिळत नाही, जवळचा ४७०. लावला, पेटली. एवढीशी लाल एलईडी पेटली तर त्याचं तोंड असं झालं जसं गावात पहिल्यांदाच लाईट आलीय. मग मोजलं, बॅटरी ९.३ होती, एलईडीवर १.९, रेझिस्टरवर ७.४. बेरीज जुळली. करंट आला १५.६. हिशोबानं ७.४ भागिले ४७० म्हणजे १५.७. एवढा जवळ आकडा आल्यावर पोरगं खुश, लगेच क्लासच्या ग्रुपवर फोटो.

पण त्या करंट मोजण्यावरनंच पुढचं रामायण झालं. व्होल्टेज मोजायला मीटर बाजूनं टेकवायचा असतो, करंट मोजायला सर्किट तोडून मधी ओवायचा असतो, मण्यासारखा. ही गोष्ट वहीत एका ओळीत संपते, हाताला मात्र कळत नाही. संध्याकाळी मी दुकानात होतो, गड्यानं मीटर २०० मिलीअँपिअरवर ठेवला आन तसाच बॅटरीच्या दोन टोकांना लावला, "बॅटरीत किती करंट आहे बघतो" म्हणून. त्या रेंजला मीटरच्या आत एक ओहमच्या आसपासचा शंट, म्हणजे करंट मोजायचा बारका रेझिस्टर, असतो. ९ भागिले १, त्यात बॅटरीचा स्वतःचा एक-दोन ओहम धरा, तरी ३-४ अँपिअर निघतात. फ्यूज २०० मिलीचा. टक् आवाज पण आला नाही, गपचूप गेला. त्याच्यानंतर व्होल्ट बरोबर दाखवायचा, ओहम बरोबर, पण करंट सगळीकडं शून्य. दोन दिवस आम्ही सर्किटात चूक शोधायलो! मागचे स्क्रू खोलून बघितलं तवा काचेच्या नळीतली तार गायब. फ्यूज ५ रुपयाचा, पण तो आणायला ३० किलोमीटर लातूर.

"बॅटरीत करंट किती" हा प्रश्नच मुळात चुकीचा, हे त्याला त्या फ्यूजनं शिकवलं. बॅटरी दाब देते, करंट किती जायचा ते समोरचा रेझिस्टर ठरवतो. मोटरीवर जाणाऱ्या माणसाला हे लवकर कळतं, टाकीत पाणी भरलेलं असलं तरी नळ उघडल्याशिवाय धार येत नाही. जर्मनीच्या ओहम नावाच्या माणसानं हे १८२७ ला छापलं, तो पण शाळामास्तरच होता, आन त्या काळी त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही म्हणतात. भाच्याला दुसऱ्याचं जास्त आवडलं, किर्कहॉफचं. १८४५ ला त्यानं ते दोन नियम (एका जागी जेवढा करंट येतो तेवढाच बाहेर जातो, आन एका फेरीतल्या व्होल्टेजची बेरीज शून्य) मांडले तवा तो विद्यार्थीच होता, वय २१. "म्हणजे माझ्यापेक्षा चारच वर्षानं मोठा?" म्हणला आन थोडा वेळ गपच बसला.

किर्कहॉफचं सर्किट आम्ही ब्रेडबोर्डवर लावलं ते सांगतो, कारण ह्या सामानाचे पैसे खरे तिथं वसूल झाले. एका बाजूला ९ ची बॅटरी, दुसऱ्या बाजूला दोन पेन्सिल सेल म्हणजे ३ व्होल्ट, दोन्हीकडून एक-एक १के येऊन मधल्या एका जागी मिळतात, आन तिथून तिसरा १के खाली मायनसला. मधल्या जागेचं व्होल्टेज किती? तिन्ही रेझिस्टर सारखे म्हणून सोपं, ९ अधिक ३ अधिक ०, भागिले ३, झाले ४ व्होल्ट. आता करंट काढा. ९ कडून येणारा ५ मिली. खाली जाणारा ४ मिली. आन ३ व्होल्टवाल्याकडून येणारा? ३ वजा ४, म्हणजे मायनस १ मिली. इथं भाच्यानं खोडरबर काढला. म्हणलं थांब, खोडू नको. म्हणे, "मामा, मायनस आलंय, म्हणजे दिशा उलटी, एवढं लिहून सोडायचं असतं, मार्क मिळतात." मार्क मिळतात पण उलटी म्हणजे काय होतंय ते बघ की. मीटर मधी ओवला, डिस्प्लेवर -०.९५. पेन्सिल सेल करंट देतच नव्हते, घेत होते. मोठी बॅटरी लहानीच्या तोंडात घास कोंबायली होती. खरी मापं होती ९.०६ आन ३.१०, त्यानं येणारा ५.०१, खाली जाणारा ४.०५, उलटा ०.९५. ४.०५ आन ०.९५ मिळून ५.००. एका शतांशाचा फरक. तो -०.९५ चा आकडा बघताना त्याचा चेहरा मी विसरणार नाही, मायनसला पण जीव असतो असं काहीतरी त्याला वाटलं असावं. (साध्या सेलला असं जास्त वेळ उलटं चार्ज करू नका, आम्ही दोन मिनिटात काढलं.)

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती गोष्ट. एका रविवारी त्यानं सगळ्यात सोपं सर्किट लावलं, दोन सारखे रेझिस्टर सिरीजमध्ये, बॅटरी ९.०६. प्रत्येकावर अर्धं, ४.५३. दोन १के लावले, मीटरवर ४.५३. वा. मग म्हणे सारखेच असले की झालं, किती पण मोठे लावा, अर्धं ते अर्धंच. बरोबरच आहे. म्हणून दोन १ मेगाओहमचे लावले. खालच्यावर मीटर टेकवला, ३.०२. वरच्यावर टेकवला, ३.०२. बेरीज ६.०४. बॅटरीवर परत लावून बघितलं, ९.०६ जशीच्या तशी.

३ व्होल्ट गेले कुठं?

त्यानं रेझिस्टर बदलले, वायरी बदलल्या, ब्रेडबोर्डचं दुसरं टोक वापरलं, तेच. मला पण खरं सांगायचं तर घाम फुटला, आयटीआयला आम्हाला २३० व्होल्ट सोडून दुसरं काही दाखवलंच नव्हतं. रात्री जेवताना दोघं त्याच नादात, ताई म्हणली ह्या मामा-भाच्याला काय झालंय, भाकरी वाळायली. दुसऱ्या दिवशी फोनवर आमच्या बॅचच्या मित्राला विचारलं, तो एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे, तो हसला आन एवढंच म्हणला, "मीटरच्या पोटात किती ओहम आहेत विचार त्याला."

ह्या पिवळ्या मीटरचा व्होल्टच्या रेंजला स्वतःचा रेझिस्टन्स १ मेगाओहम असतो. म्हणजे मीटर टेकवला की खालच्या १ मेगाला बाजूनं अजून एक १ मेगा पॅरलल लागला, दोघं मिळून झाले अर्धा मेगा. आता वर १, खाली अर्धा, एकूण दीड. खालच्याच्या वाट्याला आलं ९.०६ चा तिसरा हिस्सा, ३.०२! मीटर काढला की परत ४.५३ होतंय, पण मीटर काढल्यावर बघणार कसं. आपण चोर शोधायलो आन चोर आपल्याच हातात. १के ला हे का होत नाही तर १के समोर १ मेगा म्हणजे बैलगाडीला मुंगी बांधल्यासारखं, असून नसल्यासारखं. मग त्यानं स्वतःच म्हणलं, १००के लावून बघू, आधी हिशोब करतो. १००के आन १ मेगा पॅरलल ९०.९के, त्यावरनं ४.३१ यायला पाहिजे. लावलं, ४.३१. मामाला टाळी दिली. क्लासमध्ये त्याला "आदर्श व्होल्टमीटरचा रेझिस्टन्स अनंत असतो" हे पाठ होतं, तोंडपाठ, पण तो आदर्श मीटर दुकानात मिळत नाही ते तवा कळलं. चांगल्या महाग मीटरला हाच आकडा १० मेगाओहम असतो, त्यात पण १ मेगाच्या सर्किटला थोडा फरक पडतोच, फक्त कमी.

म्हणून मला कुणी विचारलं की हा स्वस्त मीटर शिकणाऱ्या पोराला चांगला का, तर मी म्हणतो चांगलाच, महागड्यापेक्षा चांगला, कारण ह्याचा दोष उघडा पडतो आन हिशोबानं पकडता येतो.

पण सगळेच दोष असे गोड नाहीत. जानेवारीत एक आठवडा सगळी उत्तरं चुकायली. हिशोब ५, मीटर ६. हिशोब ३.३, मीटर ४. पोरगं बिचारं आपलंच चुकतंय म्हणून तीच गणितं रात्री परत परत करत बसायचं, परीक्षा जवळ, ताई टेन्शनमध्ये. मी एक नवाकोरा पेन्सिल सेल आणून मोजला तर १.९ व्होल्ट. साधा नवा पेन्सिल सेल दीड-एक पॉइंट सहाच्या फारसा वर जात नसतो. मीटरच्या आतली ९ ची बॅटरी उतरली होती! ती उतरली की हा मीटर बंद पडत नाही, कमी पण दाखवत नाही, उलट वाढवून सांगतो, एखाद्या म्हाताऱ्यासारखं. कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह येतं म्हणतात, आलं होतं, पण एवढं फिकट की चष्मा लावून पण दिसंना. तवापासून एक सेल मापाला म्हणून बाजूला ठेवलाय, दुकानात आम्ही वजनमाप तपासतो तसं महिन्याला त्याच्यावर मीटर तपासायचा.

प्रोब, म्हणजे मीटरच्या टोकदार वायरी, दोन महिन्यात तुटले, मुठीजवळ आतली तार तुटते आन बाहेरून काहीच दिसत नाही. दुकानदाराला दाखवलं तर म्हणले "ह्याला गॅरंटी नसते साहेब, अडीचशेत काय येतंय." ते पण खरंच, तरी बोलायची पद्धत असते. नवीन प्रोब ६० रुपये. ब्रेडबोर्ड ठीक, मात्र कडेच्या लांब पट्ट्या अर्ध्यावर तुटलेल्या असतात, लाल रेघ जिथं खंडित दिसते तिथं आतून पण खंडितच, हे माहीत नसंल तर अर्धा दिवस जातो. जंपर वायरी एकदम बोगस, टोकं वाकतात. त्यापेक्षा टेलिफोनच्या केबलची तांब्याची एकेरी तार कापून वापरा, फुकटात काम.

आन आता मोटरीचं. दाजींच्या आखाड्यापासून, म्हणजे शेतातल्या घरापासून, विहीर २०० मीटर. दीड एचपीची सिंगल फेज मोटार, २.५ एमएमची तांब्याची वायर टाकलेली. मोटार कण्हायची, दोनदा कंडेन्सर बदलला, एकदा वाइंडिंग करून आणली, मिस्त्री म्हणायचा लाईटच कमी आहे, लाईनमन म्हणायचा डीपीवर बरोबर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा मीटर घेऊन मागं लागला, विहिरीवर मोजू म्हणून. त्याला एकट्याला हात लावू दिला नाही, प्रोब मी टेकवले, तो वाचत होता. मोटार बंद, आखाड्यावर २२१, विहिरीवर पण २२१. दाजी म्हणले, "झालं की, बराबर हाय." भाचा म्हणला, "बाबा, मोटार चालू करा." चालू केली. आखाड्यावर २१४. विहिरीवर १८८.

वायरीत २६ व्होल्ट गळायले होते, आन ते फक्त मोटार चालू असताना, कारण करंटच नाही तर गळणार काय. तिथंच बांधावर बसून त्यानं हिशोब मांडला. २.५ एमएम तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. जायचे २०० आन यायचे २०० मीटर, हे यायचे २०० सगळे विसरतात, झाले ०.४ किलोमीटर, म्हणजे २.९६ ओहम. क्लॅम्प मीटर गावातल्या वायरमनकडून मागून आणला होता, त्यावर ९.८ अँपिअर. गुणाकार २९ व्होल्ट. मोजलेले २६. फरक का, तर मोटार म्हणजे काही नुसता रेझिस्टर नाही, तिचा पॉवर फॅक्टर असतो (करंट व्होल्टेजच्या थोडा मागं चालतो), त्यानं दोन व्होल्टेजची सरळ वजाबाकी हिशोबापेक्षा थोडी कमी दिसते. पण रोग तर सापडला. अजून एक आकडा त्यानं काढला तो दाजींना जास्त लागला, करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, २८४ वॅट. एवढी पॉवर नुसती वायर गरम करण्यात जायली, आन दीड एचपी म्हणजे मोटारच अकराशे-सव्वाअकराशे वॅटची. ४ एमएम टाकली तर गळती १८ व्होल्टवर येती, ६ एमएम टाकली तर १२. दाजींनी वायरीचा भाव विचारला, ऐकला, टोपी काढून डोकं खाजवलं आन म्हणले, "सोयाबीन निघाल्यावर बघू."

२३० व्होल्टवर हा मीटर वापरायचा तर एक गोष्ट कान धरून सांगतो. तीन भोकांपैकी जिथं १० अँपिअर लिहिलंय त्या भोकाला फ्यूज नसतो, तसं त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं पण असतं. त्या भोकात लाल प्रोब राहिला आन तुम्ही लाईटचं व्होल्टेज मोजायला गेलात तर ते मोजणं नाही, सरळ फेज-न्यूट्रल शॉर्ट आहे. आमच्याच गावात एकाच्या हातात असा मीटर फुटलाय, बोटं भाजली, नशीब डोळे वाचले. लाल प्रोब मधल्या भोकात, चकती एसी ७५० वर, हे दोनदा बघितल्याशिवाय टेकवू नका. थ्री फेजच्या स्टार्टरवर तर हा न्यायचाच नाही, तिथं चांगल्या कंपनीचा, इन्सुलेशनची कॅटेगरी खरी असलेला मीटरच पाहिजे. ह्याच्यावर जे कॅट वगैरे छापलेलं असतं त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

मार्क द्यायचे तर मीटरला पाचपैकी साडेतीन, रेझिस्टरच्या पाकिटाला तीन (पट्ट्या वाचता आल्या असत्या तर चार), ब्रेडबोर्डला साडेतीन, जंपर वायरींना एक, आन तो पण दया म्हणून. दुकानाला चार, माल आहे, भाव बरा आहे, फक्त माणूस तुसडा. भाचा आता लातूरच्या रूमवर ते सगळं डब्यात घालून घेऊन गेलाय, रूममेट पोरं त्याच्याकडनं चार्जर मोजून घेतात म्हणे, बदल्यात एखादी प्लेट निलंगा राईस मिळतो.

दुकानात जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर रिपेअरवाल्यांची गर्दी असते. आन मीटर घेतानाच चार-पाच फ्यूज मागून घ्या, काउंटरवर दिसणार नाहीत, मागच्या फळीवर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात, आपण होऊन ते देत नाहीत.